खेळी हत्तीचीच होती

दादा, गेलेल्या माणसाशी भांडू नये, असं वहिनी म्हणाली. मी भांडणार आहे. जिवंत होतास तेव्हा तू माझ्याशी एकदाही नीट भांडला नाहीस. हसून विषय बदललास, चहा मागवलास, नाहीतर घड्याळात बघून उठलास. आता उठून जायची सोय तुला राहिलेली नाही. तेव्हा ऐक.

पेपरात तुझ्यावर आलेलं वाचलं. ‘अमरावतीत बसून बुद्धिबळ खेळणारं यंत्र रचणारे प्राध्यापक’ असं लिहिलंय. यंत्र! कुठे होतं रे यंत्र? एक जाड वही होती, तिच्यात तू लिहिलेले नियम होते, आणि ती वही पुढ्यात घेऊन पाठ मोडेपर्यंत बेरजा-वजाबाक्या करणारी मी होते. पेपरात माझं नाव नाही, याचं मला काही वाटत नाही. माझं नाव जिथे तू स्वतः घेतलंस, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

आधी तुझं जे देणं लागते ते कबूल करते, म्हणजे कुणी म्हणायला नको की इंदूला उपकार आठवत नाहीत. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बाबा तुला बुद्धिबळ शिकवायचे आणि मी बाजूला बसून गव्हातले खडे काढायची. एकदा बाबांनी चुकीचा घोडा उचलला आणि मी “अहं!” म्हटलं. बाबा माझ्यावर खेकसले. तू मात्र दुसऱ्या दिवशी पट मांडून मला समोर बसवलंस. आई म्हणाली, “पोरीले काय करायचं आहे त्याचं?” तू म्हणालास, “तिले दिसते, आई. मले नाही दिसत ते तिले दिसते.” पुढे कॉलेजात जायची परवानगी तूच मिळवून दिलीस. बडनेरा ते अमरावती गाडीत आपण पटाशिवाय खेळायचो, तोंडानं खेळ्या सांगत. समोरच्या बाया आपल्याकडे बघून पोरं दुसरीकडे सरकवायच्या. ते दिवस तू दिलेस. ते कुणी परत घेऊ शकत नाही. तूसुद्धा नाही घेऊ शकलास.

मग तू अमरावतीला कॉलेजात शिकवायला लागलास आणि मी अकोल्याला मुलींच्या शाळेत गणिताची शिक्षिका झाले. त्याला काही वर्षं झाली. आपलं वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, त्याच सुमाराची गोष्ट. कुठल्याशा परदेशी मासिकात तू वाचलंस, की तिकडे हिशेबाच्या यंत्रांना बुद्धिबळ शिकवतायत. त्या रविवारी तू अकोल्याला आलास, तेव्हा चप्पल काढायच्या आधी बोलायला लागला होतास.

“आपल्याकडे यंत्र नाही तर नाही. नियम तर लिहिता येतात? ते नियम जो कोणी जसेच्या तसे पाळेल, तो यंत्र.”

“आणि पाळणार कोण?” मी विचारलं.

तू माझ्याकडे बघून नुसता हसलास.

नियम तसे साधे होते. प्रत्येक मोहऱ्याला गुण. आपली खेळी, त्यावर समोरच्याचं उत्तर, आणि मग कोणाचं किती गेलं त्याची वजाबाकी. आपण शह दिला असेल तर आणखी पुढच्या खेळ्या बघायच्या, नाहीतर तिथेच थांबायचं. ज्या खेळीचा आकडा सगळ्यांत मोठा, ती वहीची खेळी. एक खेळी काढायला मला कधी तास लागे, कधी सबंध दुपार. आणि तू मला सक्त बजावलं होतंस, “इंदू, तुले काय दिसते ते मले सांगायचं नाही. नियमाले काय दिसते तेवढंच सांगायचं.”

मी ते पाळलं. दादा, तुला कल्पना आहे का ते किती कठीण होतं? लहानपणी माझ्या ज्या नजरेचं तू आईपुढे कौतुक केलंस, तीच नजर बंद करून बसायला तू मला सांगत होतास. आणि मी बसत होते.

वहीची परीक्षा घ्यायला तू बलिदानाचे डाव निवडलेस. मोठा मोहरा मुद्दाम मारायला द्यायचा आणि त्यातून जिंकायचं, असे डाव. माणसाला चकवतात ते डाव नियमाला जमतात का, हे तुला बघायचं होतं. तू अमरावतीहून कार्डावर मांडणी पाठवायचास, मी उत्तर काढून परत पाठवायची. सुरुवातीला वही हावरट पोरासारखी समोर येईल ते मारत सुटायची. तू नियम बदलायचास, मी पुन्हा पहिल्यापासून आकडे मांडायची. हळूहळू काही डाव सुटायला लागले. वजीर द्या, राजानं तो मारला की हत्तीचा शह, आणि मात, असे सरळ शहावर शह असलेले डाव वही ओळखायला लागली. पण बलिदानानंतर जिथे एखादी शांत खेळी लागते, शह नाही, मार नाही, नुसता उंट एक घर सरकतो आणि समोरच्याचा श्वास कोंडतो, तिथे वही आंधळीच राहिली. असे चुकलेले डाव तू लाल शाईनं लिहून ठेवायचास. एकही लपवत नव्हतास. ती लाल शाई बघून मला तुझा अभिमान वाटायचा. खरंच वाटायचा.

म्हणून अकोल्याचा तो दिवस मला अजून गिळता येत नाही.

वाचनालयाच्या हॉलमध्ये तुझा कार्यक्रम ठरला. वकील, शिक्षक, दोन-तीन डॉक्टर आले होते. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई पहिल्या रांगेत होत्या, मीच त्यांना आग्रहानं बोलावलं होतं. अकोटचे गावंडे वकील आले. आपल्या भागात त्यांच्याइतका तयारीचा खेळाडू नव्हता, आणि ते आमच्या शाळेच्या समितीवरही होते. आधी त्यांनी तुझी नियमांची वही मागून घेतली, अर्धा तास चाळली. मी बाजूच्या खोलीत कागद-पेन्सिल घेऊन बसले. लोकांनी मांडणी द्यायची, मी नियमानं खेळी काढून चिठ्ठीवर लिहायची, तू ती हॉलमध्ये वाचून दाखवायची, असं ठरलं होतं.

पहिले दोन डाव बरोबर सुटले. मग गावंडे वकिलांनी स्वतःच्या एका डावातली मांडणी दिली.

अर्ध्या तासात मला दिसलं की इथे वजीर द्यायचा आहे. वजिरानं कोपऱ्यातलं प्यादं मारायचं, वजीर जाऊ द्यायचा, आणि मग उंट शांतपणे एक घर मागे घ्यायचा. सुंदर होतं ते. पण मला काय दिसतं ते सांगायचं नव्हतं. मी आकडे करत राहिले. नियमाचं उत्तर आलं, हत्तीनं उंट मारा. मी ते दोनदा तपासलं आणि चिठ्ठीवर लिहिलं. तू दारात आलास, चिठ्ठी घेतलीस, वाचलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस.

मग हॉलमधून तुझा आवाज आला, “वजीर कोपऱ्यातलं प्यादं मारतो.”

मग टाळ्या. दादा, त्या टाळ्या भिंतीपलीकडून ऐकताना मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं लिहिलं. हातातले कागद मी पुन्हा खालून वर बघितले. हत्तीच होता.

तुलाही ती खेळी दिसली असणार, तू काही लहान खेळाडू नव्हतास. पण कार्यक्रम तुझ्या नजरेचा नव्हता. “हा डाव वहीला जमत नाही,” एवढं म्हणाला असतास तर काय गेलं असतं? दोन डाव सुटले होतेच की.

तरी तेवढंही मी पोटात घातलं असतं. पण चहाच्या वेळी एका शिक्षकानं सहज माझे कागद बघायला मागितले. त्यानं ओळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “इथे तर हत्तीची खेळी दिसते?” मोठ्या बाई शेजारीच होत्या. गावंडे वकीलही होते. आणि तू हसत, अगदी सहज म्हणालास,

“इंदूची शेवटी बेरीज चुकली होती. दारात माझ्या लक्षात आलं, म्हणून मी दुरुस्त करून वाचली.”

माझ्या हातात कप होता. मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण तू दादा होतास, आणि चार लोकांत दादाला खोटं पाडायचं आपल्या घरात कुणी शिकवलं नव्हतं. माझी चूक झाली असेल तर ती एवढीच.

संध्याकाळी तुला स्टेशनवर पोचवायला आले, तेव्हा विचारलं, “काहून बदलवलं तू?”

“काय?”

“चिठ्ठी. अन् माही बेरीज काहून चुकवली लोकांसमोर?”

“इंदू, लोक खूश झाले की नाही? एवढ्या तेवढ्यावरून काय...” आणि गाडी आली म्हणून तू सुटलास.

एवढं तेवढं? जूनमध्ये मोठ्या बाईंनी माझ्याकडून अकरावीचं गणित काढून घेतलं. मॅट्रिकचा वर्ग, दादा. सात वर्षं मी तो शिकवला होता. “आकडेमोडीत घाई होते म्हणे तुमची,” एवढंच म्हणाल्या. मी सांगितलं, बेरीज बरोबर होती, कागद घरी आहेत. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “सख्ख्या भावाला खोटं पाडता?” मग मला पाचवी आणि सहावी मिळाली. शिक्षकांच्या खोलीत फी गोळा करायचं काम आलं की कोणीतरी हसून म्हणायचं, “इंदूताईंना नको, बेरीज आहे.” मी तुला तीन पत्रं लिहिली. मोठ्या बाईंना एक ओळ लिही, एवढंच मागितलं. तू उत्तरात नवे डाव पाठवलेस. मी ते कोरेच परत केले. त्यानंतर मी तुझी वही हातात धरली नाही.

त्या कार्यक्रमाची बातमी झाली, बातमीवरून तुझं नाव झालं, आणि मुंबईच्या संस्थेत तुला बोलावणं आलं. तिथे खरं यंत्र होतं. तू गेलास. सुट्टीत परत आलास तेव्हा तुझ्या तोंडातून ‘मले’ आणि ‘तुले’ गेलं होतं. मी वऱ्हाडीत बोलले की तू पुस्तकातल्यासारखं उत्तर द्यायचास. मला तेही लागलं, आता सांगते.

मग काही वर्षांनी एक कार्ड आलं. ना ‘प्रिय’, ना खुशाली. “वहीतले नियम इथल्या यंत्रावर चढवले. गावंडे वकिलांचा डाव घातला. यंत्रानेही हत्तीने उंटच मारला.” खाली सही.

ते कार्ड मी उभ्यानं वाचलं आणि मग खाली बसले. माझी बेरीज बरोबर होती हे मला माहीतच होतं. पण तुझ्या अक्षरात वाचल्यावर मी रडले, दादा. तू मला कार्ड पाठवलंस हे चांगलं केलंस. नसतं पाठवलंस तर यंत्रानं काय काढलं ते मला कधी कळलंच नसतं. तेवढ्यापुरतं तुझं मानते. फक्त ते कार्ड मला एकटीलाच आलं. ज्यांच्यासमोर तू मला चुकीची ठरवलंस, त्यांच्यातल्या एकालाही नाही.

त्या उन्हाळ्यात तू अमरावतीला घरी आलास, तेव्हा मी मुद्दाम आले. वहिनी आत पापड लाटत होती. मी कार्ड तुझ्यापुढे ठेवलं. तू ते उलटं केलंस.

“आता मोठ्या बाईंना जाऊन काय सांगू? की पाच वर्षांपूर्वी मी खोटं बोललो?”

“हो. तेवढंच सांग.”

“हे बघ, यंत्र आज ना उद्या ती खेळी काढणारच आहे. मी फक्त थोडं आधी बोललो.”

“अन् माही बेरीज? ते पण थोड्या वर्षांनी चुकणार होती, म्हणून आधी सांगून दिलं?”

तू आत बघून म्हणालास, “अगं, चहा टाक.”

मी चहा न घेता उठले. ते आपलं शेवटचं भांडण. त्याला भांडण म्हणायचं तर.

त्यानंतर काही वर्षांनी तुझी कावीळ उलटली आणि तुला अमरावतीच्या दवाखान्यात आणलं. मी आले तेव्हा डोळ्यांत हळद उतरली होती. मी घरून ठरवूनच निघाले होते, की तो विषय काढायचा नाही. दोन दिवस काढला नाही. तुझे पाय चेपले, तुला मोसंबीचा रस पाजला. आईच्या हातच्या शेंगोळ्यांची आठवण निघाली, आपण दोघं हसलोही. तिसऱ्या दिवशी तूच म्हणालास, “तू अजून ते धरून बसलीस का?”

मी म्हटलं, “हो.”

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, आता बोलशील. मी वाट बघितली. तू झोपी गेलास. दुसऱ्या दिवशी शुद्ध गेली आणि मग सगळंच संपलं. घरचे विचारतात, त्या वेळी ‘नाही’ म्हणायला हवं होतं असं वाटून पस्तावा होतो का. मी रोज विचार करते. ‘नाही’ म्हटलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण दादा, एवढी वर्षं खोटं तू बोललास, आणि शेवटचं खोटं मी बोलायचं?

तेराव्यानंतर कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य बोलले, तुझे विद्यार्थी बोलले. मग गावंडे वकील काठी टेकत उभे राहिले आणि त्यांनी अकोल्याची गोष्ट सांगितली. वजीर देणारी वही. लोक रडत रडत हसले. मग प्राचार्य म्हणाले, भगिनींनी दोन शब्द बोलावेत.

मी घरून काही ठरवून आले नव्हते. उभी राहिले. मी म्हटलं, “त्या दिवशी वहीनं वजीर दिला नव्हता. वहीची खेळी हत्तीची होती. चिठ्ठी मी लिहिली होती, ती दादानं बदलली. माझी बेरीज बरोबर होती, आणि मुंबईच्या यंत्रावर तपासून दादानंच मला तसं लिहून कळवलं. तो हुशार होता, त्यानं मला शिकवलं, आणि त्यानं माझ्यावर खोटा आळ घेतला. तिन्ही खरं आहे.” आणि मी बसले.

प्राचार्यांनी घाईघाईनं दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली.

बाहेर आले तर गावंडे वकील पायरीवर उभे होते.

“बाई,” ते म्हणाले, “मले त्याच दिवशी समजलं होतं.”

“काय समजलं होतं?”

“म्या ती वही पाहूनच तो डाव देल्ला होता. त्या नियमाले ती खेळी दिसूच शकत नव्हती. तुमच्या भावानं, मनोहर मास्तरानं, ती आपल्या मनानं वाचली, हे मले तिथंच समजलं. पण लोक टाळ्या वाजवून राहिले होते. अन् डाव माहा होता. मले बरं वाटलं.”

“तुम्ही समितीवर होतात, वकीलसाहेब. माझा वर्ग गेला.”

म्हाताऱ्यानं काठी पायरीवर टेकवली. “हो,” म्हणाला. “होतो.”

“मग आता जाऊन सांगा.”

“आता? या वयात?”

“माझं पण वय झालं,” मी म्हटलं.

वहिनी फाटकापाशी थांबली होती. डोळे सुजलेले. मला वाटलं, आता माझा उद्धार करणार. तिनं केलाच. “गेलेल्या माणसाला तरी सोडायचं होतं, वन्सं. चारचौघांत उघडं केलंत त्यांना.” मग पदरानं नाक पुसलं आणि आवाज उतरला. “मी सांगितलं होतं त्यांना. कार्ड पाठवलं तेव्हाच म्हटलं होतं, शाळेतपण लिहा. तर म्हणाले, लोकांचं काय करू, इंदूचं काही नाही. ती माझीच आहे. ती कुठे जाते?”

हे तिनं माझी समजूत घालायला सांगितलं, दादा. तिला वाटलं, ऐकून मी विरघळेन. मी फाटकाचा गज धरून उभी राहिले. परक्या माणसाला भिऊन तू खोटं बोललास, हे मी समजू शकते. पण हक्काचं माणूस आहे म्हणून त्याच्यावर ढकलायचं? मी तुझीच होते, म्हणून मला कुणी खरं धरायची गरज नव्हती?

गावंडे वकील गेल्या सोमवारी शाळेत आले होते. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून जिना चढले. मोठ्या बाईंच्या खोलीत पाव तास बसले. मग मला बोलावलं. मोठ्या बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, “गैरसमज झाला होता म्हणायचा.” मी म्हटलं, “गैरसमज नव्हता. खोटं होतं.” त्या म्हणाल्या, जूनमध्ये वर्गाचं बघू. बघतील की नाही, कोण जाणे. पण दुपारी शिक्षकांच्या खोलीत पाचवीच्या फीचा गठ्ठा माझ्यापुढे आला, आणि कोणी हसलं नाही.

हे सगळं तुझ्या तोंडून व्हायला हवं होतं. तुझ्याच कॉलेजातल्या सभेत मला ते करावं लागलं, याचा राग मी कुणावर काढू?

उद्या तुला जाऊन महिना होतो. वहिनीनं बोलावलंय. मी सकाळच्या गाडीनं येणार आहे. पानं वाढीन, आल्यागेल्याचं बघीन, बहिणीनं करायचं ते सगळं करीन. तुझ्या फोटोसमोर रडू आलं तर रडेन, कारण तू गेलास आणि तुझ्यासारखं माझं दुसरं कुणी नव्हतं. पण ते रडणं म्हणजे माफी, असं कुणी धरू नये. माफी मागायला माणूस लागतो, दादा. तू वेळेत मागितली नाहीस.